सदरमधलं कॅथेड्रल सहकुटुंब पाहायचंय? दिवस असा आखा

सदरच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं ये-जा करूनही चर्चच्या फाटकातून एकदाही आत न गेलेली कुटुंबं नागपुरात पुष्कळ आहेत. आत जाऊ देतील का, चपला काढायच्या का, प्रसाद घ्यायचा का, मुलांनी आवाज केला तर कोणी रागावेल का, या शंकांपायी बेत राहून जातो. वर्धा, भंडारा, उमरेडकडून एका दिवसासाठी येणाऱ्यांची अडचण तर त्याहून मोठी, कारण दार बंद दिसलं तर परत यायला पुढची सुटीच उजाडते.

कॅथेड्रल ही आधी प्रार्थनेची जागा आहे, पाहण्याची नंतर. म्हणून प्रार्थनेच्या वेळा सगळ्यात आधी विचारा आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवा. बहुतेक लोक आधी जेवणाचं हॉटेल ठरवतात, मग बाग, आणि मधे मोकळ्या राहिलेल्या तासात चर्च कोंबतात. नेमक्या त्याच तासाला आत लग्न चालू असतं.

१. आधी ठरवा: दोन कॅथेड्रलांपैकी कोणतं?

धर्मप्रांत म्हणजे अनेक चर्चचा मिळून एक विभाग आणि बिशप म्हणजे त्याचे प्रमुख धर्मगुरू. त्यांचं आसन ज्या चर्चमध्ये असतं, ते कॅथेड्रल. नागपूर हे दोन वेगळ्या ख्रिस्ती परंपरांचं केंद्र आहे, त्यामुळे इथे कॅथेड्रलंही दोन आहेत आणि दोन्ही सदरच्या परिसरातच आहेत. पहिला घोटाळा इथेच होतो. घरातले अर्धे लोक एका ठिकाणी उतरतात, अर्धे दुसऱ्या.

ऑल सेंट्स कॅथेड्रल हे सिव्हिल लाइन्सच्या कडेला, सदरच्या इंडियन कॉफी हाउससमोर आहे. या चर्चची सुरुवात १८५१ सालची. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. डिसेंबर १८५३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केलं. म्हणजे हे चर्च भोसल्यांच्या राज्यात उभं राहिलेलं आहे. मुळात ते अँग्लिकन, म्हणजे ‘चर्च ऑफ इंग्लंड’च्या पंथाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरला स्वतंत्र अँग्लिकन बिशप नेमले गेले, आयर चॅटर्टन हे त्यांतले पहिले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली, आणि तो सोहळा नागपुरातच झाला. ऑल सेंट्स आज त्याच संस्थेचं कॅथेड्रल आहे. लोक तिला सीएनआय म्हणतात.

सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल (एसएफएस) हे रोमन कॅथलिकांचं. ते मोहननगर भागात, कामठी रस्त्याच्या बाजूला आहे. संत फ्रान्सिस (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा पत्रकं लिहून ती घरोघरी दाराखालून सरकवणारे, म्हणून पत्रकार आणि लेखक त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी आज फ्रान्समध्ये असलेल्या सॅव्हॉय प्रांतातून १८४६ च्या सुमाराला नागपूरकडे आले. कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, पहिले बिशप अलेक्सी रिकाझ. १९५३ पासून तो महाधर्मप्रांत आहे, त्यामुळे इथे आर्चबिशप असतात.

रिक्षावाल्याला नुसतं ‘एसएफएस’ सांगू नका. त्याच नावाचं कॉलेज सेमिनरी हिल्सला आहे आणि तुम्ही थेट तिकडे पोचाल. ‘मोहननगरचं एसएफएस चर्च’ असं पूर्ण सांगा. ऑल सेंट्ससाठी ‘सदर, कॉफी हाउससमोरचं चर्च’ ही खूण पुरते.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कुठे जावं? जुनी वास्तू आणि इतिहास यांची आवड असेल तर ऑल सेंट्स. मुलं लहान असतील, त्यांना मूर्ती, चित्रं, मेणबत्त्या पाहायच्या असतील तर एसएफएस, कारण कॅथलिक चर्चमध्ये डोळ्यांना पाहण्यासारखं जास्त असतं. दोन्ही एका सकाळीत होतात, पण पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर एकावरच थांबा.

२. दिवस निवडताना

शनिवार सकाळ सगळ्यात सोयीची, साधारण दहा ते बारा. रविवारी सकाळी वेगवेगळ्या भाषांतल्या प्रार्थना एकामागून एक चालतात. त्या वेळी तुम्ही प्रार्थनेला बसू शकता, पण फिरून वास्तू पाहता येत नाही. आठवड्याच्या इतर दिवशी मोहननगर भागात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेला रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो. सोमवार टाळा, कारण दुपारी अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, पाहायचा असेल तर तो सोमवारी बंद असतो.

ऋतूचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर सकाळी साडेदहापर्यंत सगळं आटोपून सावलीत जा. नागपूरचं ऊन पाहुण्यांना ठाऊक नसतं. त्यांना पाण्याची बाटली आणि दुपट्टा घेतल्याशिवाय बाहेर पडू देऊ नका.

आता टाळायचे किंवा जाणूनबुजून निवडायचे दिवस:

- डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्येच आहे. अधिवेशन चालू असताना मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, एलआयसी चौक, झिरो माइल या पट्ट्यात मोर्चे, कठडे आणि वळवलेली वाहतूक असते. स्वतःची गाडी आणली तर तास-दीड तास गेलाच म्हणून समजा. त्या दिवसांत शनिवार-रविवार गाठा आणि मेट्रोनेच या.
- २४ जानेवारी हा संत फ्रान्सिसचा सण, तर १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा. आपापल्या कॅथेड्रलसाठी हे घरचे सण. सजावट पाहायला मिळते, मात्र गर्दी असते. २६ जानेवारीच्या आधी कस्तुरचंद पार्कवर संचलनाची तयारी चालते, हेही लक्षात ठेवा.
- २ नोव्हेंबरला मृतांचं स्मरण असतं. लोक कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येतात. त्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरू नये.
- ईस्टरआधीचे चाळीस दिवस म्हणजे उपवासकाळ. फुलांची सजावट नसते. शेवटच्या आठवड्यात गुरुवारच्या संध्याकाळनंतर कॅथलिक चर्चमधली वेदी पूर्ण उघडी करतात आणि क्रूस बहुधा कापडाने झाकलेले असतात. फोटोसाठी हा काळ वाईट, समजून घेण्यासाठी मात्र फार चांगला. गुड फ्रायडे दर वर्षी बदलतो, तारीख कॅलेंडरवर पाहून घ्या.
- जानेवारी-फेब्रुवारी आणि मे हे लग्नांचे महिने. शनिवारी दुपारनंतर लग्न असण्याची शक्यता जास्त, म्हणूनही सकाळ बरी.

३. आधी विचारून घ्या

चर्चच्या कार्यालयात निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा किंवा जवळ राहत असाल तर जाऊन या. इंटरनेटवर दिसणाऱ्या प्रार्थनेच्या वेळांवर विसंबू नका. उन्हाळ्यात, सणांत, बिशपांच्या कार्यक्रमांमुळे त्या बदलतात आणि बदल आधी फाटकाजवळच्या फळ्यावर लागतो. एवढं विचारा:

- त्या दिवशी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य प्रार्थना) किंवा उपासना किती वाजता, कोणत्या भाषेत?
- लग्न, बाप्तिस्मा किंवा अंत्यविधी ठरलेला आहे का?
- मधल्या वेळात मुख्य दार उघडं असतं का, की किल्ली मागावी लागते?
- फोटो काढले तर चालतील का?
- चाकाची खुर्ची आत नेता येईल असं दार कोणत्या बाजूला?
- दहापेक्षा जास्त माणसं असतील तर लेखी विनंती लागते का?

शेवटचा प्रश्न शाळेच्या किंवा सोसायटीच्या सहलीसाठी महत्त्वाचा. मोठा घोळका न सांगता आला तर चौकीदार अडवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणतात. ते अविवाहित असतात. सीएनआयमध्ये ‘रेव्हरंड’ किंवा ‘पाळकसाहेब’ म्हटलेलं चालतं. ते संसारी असू शकतात, त्यामुळे आवारात त्यांची मुलं खेळताना दिसली तर नवल नको. मुलांना हा फरक आधीच सांगून ठेवा.

४. सोबत काय हवं

तिकीट नाही, कागदपत्रांची भानगड नाही. तरी आवाराला लागून शाळा असली की चौकीदार कधी नाव-पत्ता लिहून घेतो, म्हणून घरातल्या एकाचं तरी ओळखपत्र जवळ असू द्या.

- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, सगळ्यांसाठी. मुलांची हाफपँट चालते.
- आवाज न करणारी पादत्राणं. चर्चमध्ये सहसा जोडे काढत नाहीत, पण एखाद्या ठिकाणी दाराशी जोडे दिसले तर आपलेही काढा. मुलांचे चूं-चूं वाजणारे बूट घरी ठेवा, कारण उंच छताखाली तो आवाज दुप्पट होतो.
- पुरुषांनी आत टोपी काढायची. बायकांनी डोक्यावर पदर घेतला तर आदराचं, सक्ती नाही.
- दानपेटीत आणि मेणबत्तीसाठी टाकायला दहा-वीसच्या नोटा.
- पाणी, मुलांसाठी कोरडा खाऊ (आत खायचा नाही), एक छोटी दुर्बीण मिळाली तर उत्तम. उंचावरच्या काचा तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत.

नारळ, हार, कुंकू, उदबत्ती आणू नका. सुटी फुलं चालतात, पण ती कुठे ठेवायची हे विचारून.

५. पोचायचं कसं

मेट्रोने या. ऑरेंज लाइनवर कस्तुरचंद पार्क आणि गड्डीगोदाम ही दोन स्थानकं जवळची. ऑल सेंट्सला कस्तुरचंद पार्कला उतरून रिक्षा करा, एसएफएसला दोन्हीपैकी कोणतंही चालेल. लोकमान्यनगर किंवा प्रजापतीनगरकडून ॲक्वा लाइनने येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. रेल्वेने आलात तर नागपूर स्टेशनला ॲक्वा लाइनचं स्थानक आहेच. एसटीने येणाऱ्यांनी गाडी गणेशपेठला सोडते की मोरभवनला हे आधी पाहावं. मोरभवन सीताबर्डीला लागून असल्याने सोयीचं.

मुलांना गड्डीगोदामला उतरवण्यात एक फायदा आहे. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो, असे वाहतुकीचे चार मजले एकाच जागी दिसतात. मालगाडी येईपर्यंत पाच मिनिटं थांबा, मुलं खूश होतील.

मेट्रो स्थानकावरच स्वच्छतागृहाला जाऊन घ्या. चर्चमध्ये ती सोय पाहुण्यांसाठी असेलच असं नाही.

६. आत काय पाहायचं, कोणत्या क्रमाने

दारातून आत गेल्याबरोबर फोन बाहेर काढू नका. शेवटच्या बाकांपाशी दोन मिनिटं उभं राहा. डोळे अंधाराला सरावू द्या. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि घाईत पुढे गेलेली माणसं बाकांना धडकतात.

दाराशी भिंतीत किंवा खांबावर पाण्याचं छोटं भांडं दिसेल. कॅथलिक लोक त्यात बोटं बुडवून स्वतःवर क्रूसाची खूण करतात. ते तीर्थ नव्हे, प्यायचं नाही. बाप्तिस्म्याचं मोठं दगडी किंवा संगमरवरी पात्र जुन्या चर्चमध्ये बहुधा दाराजवळच असतं, कारण बाप्तिस्म्याने माणूस चर्चमध्ये प्रवेश करतो. त्यात नाणी टाकू नका.

मग मधल्या वाटेने सावकाश पुढे. वेदीच्या दोन-तीन पायऱ्या लागल्या की थांबायचं. त्या पायऱ्या चढायच्या नाहीत, कठडा नसला तरी. तिथूनच बिशपांचं आसन दाखवा. पाठ उंच, कधी वर नक्षी किंवा बोधचिन्ह. ते रिकामं असलं तरी कोणी त्यावर बसत नाही, दुसरा धर्मगुरूसुद्धा नाही.

कॅथलिक कॅथेड्रलमध्ये वेदीजवळ किंवा बाजूच्या छोट्या कोनाड्यात तांबडा दिवा तेवत असेल. त्याच्या शेजारच्या पेटीत पवित्र ख्रिस्तशरीर ठेवलेलं असतं. भाविक इथे गुडघा टेकवतात. तुम्ही नुसतं हात जोडून थांबलात तरी पुरे. पण त्याच्यासमोर पाठ करून सेल्फी काढणं लोकांना फार लागतं.

वेदीवरच्या कापडाचा रंग मुलांना ओळखायला सांगा. जांभळा असेल तर नाताळआधीचा आगमनकाळ किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ, पांढरा म्हणजे नाताळ-ईस्टरचा आनंद, तांबडा हुतात्म्यांच्या सणाला आणि पवित्र आत्म्याच्या सणाला, बाकी वर्षभर हिरवा. जवळच एक उंच, जाड मेणबत्ती असते. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे आणि क्रूसावर टोचलेले धुपाचे पाच दाणे दिसतील. ईस्टरच्या रात्री ती पहिल्यांदा पेटवतात. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस ती वेदीजवळ राहते, मग बाप्तिस्म्याच्या पात्राकडे जाते. आपण गेलो त्या दिवशी ती कुठे आहे यावरून ईस्टरचा काळ चालू आहे की संपला, हे मुलं स्वतः सांगू शकतात.

बाजूच्या भिंतींवर चौदा चित्रं किंवा कोरीव फलक दिसतील. ही क्रूसाची वाट. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून थडग्यात ठेवलं तिथपर्यंत. फक्त कॅथलिक चर्चमध्ये ती हमखास असते. आधी १ क्रमांक शोधा आणि क्रमाने चाला. मुलांना तीन कामं द्या: येशू तीनदा पडतो ते फलक शोधा (३, ७ आणि ९), आईची भेट शोधा (४), आणि रुमालाने चेहरा पुसणारी बाई शोधा (६). चौदा फलकांसमोर सरळ चालत गेलं तर मुलं कंटाळतात, शोधायला लावलं तर हट्टाने पूर्ण करतात.

रंगीत काचा. याच्यासाठी वेळ राखून ठेवा. त्या बाहेरून पाहिल्या तर काळपट, मळकट दिसतात. उजेड पलीकडून आला तरच रंग उघडतो, म्हणून पाहायच्या आतूनच. ऊन ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या खिडक्या आधी पाहा. जवळ गेल्यावर दिसेल की चित्र एका सलग काचेवर रंगवलेलं नसतं. काचेचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे शिशाच्या काळ्या पट्ट्यांत बसवलेले असतात, आणि चेहऱ्याच्या, बोटांच्या बारीक रेषा तेवढ्या काचेवर रंगवून भाजलेल्या. काचेला हात लावू नका, जुनं शिसं मऊ पडून वाकलेलं असतं. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर रंग पुसून जातो. फोनच्या पडद्यावर काचेच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड कमी करत आणा. भिंत काळी पडेल, पण काच खरी येईल.

ऑल सेंट्ससारख्या इंग्रजांच्या काळातल्या चर्चमध्ये भिंतींवरचे स्मृतिफलक चुकवू नका. लोक ते इंग्रजीत आहेत म्हणून सोडून देतात. नाव, पलटण, वय आणि मृत्यूचं कारण एवढंच वाचा. कामठीची छावणी १८२१ सालची, त्यामुळे या भागात फौजेतल्या माणसांची कुटुंबं खूप होती. अशा फलकांवर लढाईत मेलेल्यांपेक्षा तापाने, पटकीने गेलेले जास्त सापडतात आणि त्यांत तान्ही मुलंही असतात. आठवी-नववीतल्या मुलाला वही देऊन फलकांवरचं वय आणि साल तेवढं उतरवून घ्यायला सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्याला त्यातून जास्त कळेल.

बाहेर पडल्यावर वास्तूला एक पूर्ण फेरी घाला. भिंतीला टेकून उभे असलेले दगडी किंवा विटांचे पुश्ते दिसले तर ते शोभेसाठी नसतात. उंच छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, तो रेटा ते पेलतात.

७. आत प्रार्थना चालू असेल तर

परत फिरायची गरज नाही. मागच्या बाकावर बसा. कॅथलिक मिस्सा साधारण तासाभराची. इतर लोक उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. ते गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही शांतपणे बसून राहिलात तरी चालतं. बाकांच्या खाली गुडघे टेकायची फळी असते. ती पाय ठेवायची जागा नाही, आणि मुलं तिच्यावर उभी राहिली की ती आपटून सगळं चर्च वळून पाहतं. फळी दोन्ही हातांनी हळू खाली घ्यायची.

मधे शांतीची शुभेच्छा देण्याची वेळ येते. शेजारचे तुमच्याकडे वळून नमस्कार करतील, तुम्हीही करा. दानाची पिशवी फिरते, त्यात टाकणं ऐच्छिक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. रांग पाहिली की आपली माणसं, विशेषतः आजी, श्रद्धेने उठतात, कारण प्रसाद नाकारू नये हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पण हा देवळातला प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे आणि त्या संस्काराची दीक्षा घेतलेल्यांनाच ते देतात. हातात घेऊन घरच्यांसाठी पुडीत बांधून नेणं तर मुळीच चालत नाही. तुम्ही बाकावर बसून राहा, इतरांना जायला वाट द्या. न उठल्याने कोणाचाही अपमान होत नाही. घरातल्या मोठ्यांना हे निघण्याआधीच समजावून सांगा, कारण रांगेत उभं राहिल्यावर मागे वळवणं त्यांना लाजिरवाणं वाटतं.

सीएनआयच्या उपासनेत गाणी आणि प्रवचन यांना जास्त जागा असते. गीतांचं पुस्तक बाकावर असेल तर हातात घ्या, क्रमांक फळ्यावर दिसतात. गायला आलं नाही तरी उभं राहून ऐका. प्रभुभोजनाची रांग लागली तर इथेही बसूनच राहा.

अंत्यविधी चालू असेल तर मात्र आत जाऊ नका. बाहेर थांबा किंवा दुसऱ्या कॅथेड्रलकडे निघा.

८. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं

रडणारं मूल घेऊन बाजूच्या दाराने बाहेर पडता यावं म्हणून आई-बाबांपैकी एकाने बाकाच्या टोकाला बसावं. लहानांना कॅथेड्रल अर्ध्या तासापेक्षा जास्त पेलत नाही. त्यांना आवारात फिरवणारा एक मोठा माणूस आधीच ठरवा, म्हणजे बाकीच्यांचं पाहणं धड होतं. कॅथलिक आवारात बहुधा मरियामातेची गुहा असते, तिथे मुलांच्या हातून मेणबत्ती लावून घ्या. आधीच जळत असलेली दुसऱ्याची मेणबत्ती विझवून आपली लावू नका, शेजारी लावा.

गुडघेदुखी असलेल्यांना मागच्या बाकावर बसवा. लाकडी बाक कडक असतात, घरची एखादी पातळ उशी नेली तर कोणी हसणार नाही.

९. खाणं आणि दुपार

सकाळी कस्तुरचंद पार्क परिसरात तर्री पोहे मिळतात. मुलांसाठी तर्री वेगळी मागा, लाल तवंग दिसायला साधा वाटतो पण जीभ पोळते. ऑल सेंट्सला गेलात तर समोरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये बसायला जागा आणि माफक दरात डोसा-कॉफी मिळते. चर्चच्या हिरवळीवर डबे उघडू नका. घरची सांबारवडी, पोळ्या आणल्या असतील तर महाराजबागेत बसा.

दुपारी अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ साली स्थापन झालेलं. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी टाकळघाटजवळची दगडी वर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून वारले. १८४५ पासून नागपुरात राहून त्यांनी इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले होते. सिव्हिल लाइन्समधलं १८८३ चं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ऑल सेंट्सहून संग्रहालयाकडे जाताना ही गोष्ट मुलांना सांगता येते. जवळच झिरो माइल, इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचं स्मारक. चार घोडे आणि खांब. तिथल्या मोजणीच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे, ती शोधायला लावा.

१०. शनिवारचा एक नमुना

८:३० पोहे. ९:३० मेट्रोने गड्डीगोदाम. १० ते ११ एसएफएस. ११:१५ रिक्षाने सदर, ११:३० ते १२:१५ ऑल सेंट्स. मग समोर कॉफी हाउसमध्ये जेवण. २ ते ३:३० अजब बंगला. ४ वाजता झिरो माइल, तिथूनच मेट्रोने परत. मधे पाऊण तास मोकळा ठेवला आहे, तो भरू नका. अचानक बाप्तिस्मा निघाला तर तोच उपयोगी पडतो.

११. नाताळात जायचं असेल तर

२४ डिसेंबरच्या रात्री येणाऱ्यांनी गाडी घरीच ठेवावी. मध्यरात्रीच्या मिस्सेला बसायला जागा हवी तर तासभर आधी पोचावं लागतं. पहिले बाक भाविकांसाठी सोडा. गोठ्याचा देखावा त्याआधीही उभा असतो, पण गव्हाणी रिकामी असते, बाळाची मूर्ती त्या रात्रीच ठेवतात. आगमनकाळात आलात तर हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या पाहा. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लागते.

२५ तारखेच्या संध्याकाळी सगळ्या धर्मांचे लोक गोठा पाहायला येतात आणि सदरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं असतील तर २६ ते ३० डिसेंबरमधली एखादी सकाळ निवडा. देखावा तसाच असतो, साधारण ६ जानेवारीच्या आसपास तीन राजांच्या सणापर्यंत. गोठ्यासमोर मुलांचा फोटो काढताना देखाव्याचा कठडा ओलांडू नका. आतलं गवत सुकं असतं आणि दिव्यांच्या माळांच्या वायरी त्यातूनच गेलेल्या असतात.